निजलेलं कापड

मास्तरीण दुपारी झोपायची. हे कारखान्यात कुणापासून लपलेलं नव्हतं आणि तिनं कधी लपवलंही नव्हतं. डबा खाल्ला, हात धुतले, दोन चुळा भरल्या, की ती कापणीच्या लांबलचक टेबलाखाली शिरायची. तिथं एक फाडलेला पुठ्ठा अंथरलेला असायचा. चिंध्यांचं बोचकं उशाला घेऊन ती कुशीवर वळायची आणि पंचवीस मिनिटं मेल्यासारखी पडायची. मग वरून कुणी हाका मारो, टेबल बडवो, नाहीतर खुद्द मालकीणबाई येऊन उभी राहो. पंचवीस मिनिटांनी कुणी न उठवता उठायची, तोंडावर पाणी मारायची, डाव्या हातात लोखंडी जाळीचा हातमोजा चढवायची आणि कापायचं मशीन धरायची. बावीस वर्षं हा नेम चुकला नव्हता.

आता याला कुणी आळस म्हणेल. म्हणणाऱ्यानं एकदा ते मशीन हातात धरून बघावं. वीतभर उंचीचं उभं पातं, विजेवर चालणारं. कापडाचे ऐंशी थर एका दमात कापतं, आणि बोट मध्ये आलं तर बोटात आणि कापडात फरक करत नाही. मास्तरीण सोळा वर्षांची होती, म्हणजे मास्तरीण नव्हती, जमिनीवर बसून शिवलेल्या कपड्यांचे धागे तोडणारी पोरगी होती, तेव्हा तिथल्या कापणाऱ्यानं भरल्या पोटी मशीन धरलं. झोप लागली नव्हती त्याला, नुसती पापणी जड झाली होती. दोन बोटं गेली. त्या थरांमधून बोटं हुडकून काढायला अर्धा तास लागला, आणि हुडकणाऱ्यांत हीसुद्धा होती. त्याच्या जागी जो म्हातारा मास्तर आला, त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की जेवल्या हातानं पात्याजवळ जायचं नाही, आधी आडवं व्हायचं. त्याच म्हाताऱ्यानं हिला काम शिकवलं. बाईमाणसाच्या हातात मशीन कशाला, म्हणून बाकीचे कारागीर कुरकुरले, तर तो म्हणाला, हिचा हात हलत नाही आणि तुमचा हलतो, विषय संपला. पुढं म्हातारा गेला, टेबल हिच्याकडं आलं, आणि टेबलासोबत ती दुपारची झोपही आली.

म्हाताऱ्यानं शिकवलेली दुसरी गोष्ट कापडाची. कारखान्यात यायचं ते विणीचं, ताणलं की ताणणारं, टीशर्टचं कापड. गिरणीतून येताना ते मशीनवर करकचून गुंडाळलेलं असतं. असा तागा आल्या आल्या कापला तर टेबलावर माप अगदी बरोबर भरतं. पण वाफेची इस्त्री फिरली की कापडाला आपली खरी लांबी आठवते आणि ते आखडतं. मग तीसचा टीशर्ट अठ्ठावीसचा होऊन बसतो. म्हणून तागा आधी उघडायचा, टेबलावर सैल घड्या घालून टाकायचा आणि चोवीस तास त्याला हातसुद्धा लावायचा नाही. याला मास्तरीण कापड निजवणं म्हणायची. कापड निजलंय म्हटलं की टेबलाला कुणी कोपर टेकत नसे. मास्तरीण दोन बोटांनी कापड चिमटीत धरायची, सोडायची, परत धरायची. मग सांगायची, उठलं, घ्या कापायला. तिनं उठलं म्हटल्याशिवाय कापड उठत नसे.

घरी मात्र तिच्या झोपेला कुणी किंमत देत नव्हतं, आणि तीही मागत नव्हती. नवरा एका गोदामावर पहारेकरी. बसून राहायचा पगार घेणारा माणूस, आणि घरी आला की बसून बसून पाठ गेली म्हणून आडवा होणारा. ही दिवसभर उभी राहून आलेली, पुन्हा चुलीपुढं उभी. मुलगा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. सून हिच्याच कारखान्यात, कापणीच्या टेबलाच्या ओट्यासमोर खाली मांडलेल्या लाईनीवर शिलाई मशीन चालवायची, आणि तीन वर्षांची नात शेजारणीकडं राहायची. सासू-सून सकाळी एकत्र निघायच्या. सून घरात तिला आई म्हणायची आणि फाटकातून आत शिरलं की मास्तरीणबाई. हे दोघींनी कधी ठरवलं नव्हतं, पण तसं चालत आलं होतं.

लाईनीवर चाळीस बायका होत्या. दुपारी डब्याला वीस मिनिटं, चार वाजता चहाला दहा. वीस मिनिटांत नळावर रांग, मुतारीला रांग, आणि राहिलेल्या वेळात घास. त्यांना टेबलाखालचा पुठ्ठा दिसायचा. त्या काही बोलत नसत. मास्तरीण पण कधी त्यांच्या बाजूनं विचार करत नसे. तिच्या मते झोप हा पात्याचा नियम होता, आणि लाईनीवर पातं नव्हतं.

आणि मग तो नवा साहेब आला.

आधी तो बाटल्या भरण्याच्या कारखान्यात होता. तिथं मिनिटाला किती बाटल्या भरतात हे मोजण्यात त्यानं नाव काढलं होतं म्हणे. बाटली आखडत नाही, बाटलीला झोप लागत नाही, त्यामुळं त्याचं तिथं छान जमलं असणार. गळ्यात घड्याळ अडकवून तो बायकांच्या मागं उभा राहायचा, बटण दाबायचा आणि वहीत लिहायचा. तिसऱ्या दिवशी लाईनीनं त्याचं नाव टिकटिक्या ठेवलं. मुतारीला गेलेली बाई परत कधी आली हेही तो लिहू लागला, तेव्हा बायकांनी त्याला आणखी एक नाव ठेवलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण फार चपखल होतं.

एक दिवस तो डब्याच्या वेळेनंतर टेबलापाशी आला. टेबलावर कापड सैल पसरलेलं, टेबलाखाली मास्तरीण पसरलेली. त्यानं वाकून बघितलं. घड्याळाचं बटण दाबलं आणि तसाच उभा राहिला. लाईनीवरच्या माना वळल्या. मास्तरीण नेहमीच्या वेळी उठली, बाहेर आली, तर समोर हा.

"तेवीस मिनिटं," टिकटिक्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "टेबलावर कापड झोपलंय, टेबलाखाली मास्तरीण झोपलीय. मग आम्ही बाकीच्यांनी काय, पाळणा हलवायचा?"

लाईन हसली. एक फिसकली, मग दुसरी, मग चाळीस जणी. टिकटिक्याच्या विनोदाला आजवर कुणी दात दाखवले नव्हते, पण या विनोदाला हसल्या. मास्तरीणनं मान वर केली, तर सून खाली मान घालून, तोंडावर हात धरून हसत होती. खांदे हलत होते तिचे.

साहेबाचं तिला काही वाटलं नाही. साहेब येतात आणि जातात. पण ते हलणारे खांदे बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं हिच्या मापात केसभर चूक नाही, हिच्या टेबलावर कुणाचं नख तुटलं नाही, ते का, हे त्यातल्या एकीला तरी कळायला नको? आणि घरच्या पोरीला? संध्याकाळी चालत घरी येताना ती दोन पावलं पुढं राहिली. सुनेनं दोनदा विषय काढला, साहेब कसला वेंधळा आहे बघा, म्हणाली. मास्तरीणनं पावलं आणखी झपझप टाकली.

दुसऱ्या दिवशी टेबलाखाली रिकामे खोके रचून ठेवलेले होते. पुठ्ठा गायब. डबा खाऊन मास्तरीण उभी राहिली, तिनं पापण्या दोनदा घट्ट मिटल्या, उघडल्या आणि मशीन धरलं. त्या दुपारी तिनं रोजच्यापेक्षा निम्मंच कापलं, आणि तेवढ्यातही तिच्या काखेत घाम फुटला.

त्याच आठवड्यात शाळेची ऑर्डर आली. खेळाचे टीशर्ट, चार हजार. ट्रक सकाळी आला, तागे उतरले. थर लावणाऱ्या दोघी बायका नेहमीसारख्या तागे उघडायला लागल्या तर टिकटिक्यानं त्यांना थांबवलं. उघडायचं, थर लावायचे, लगेच कापायचं, म्हणाला. एक दिवस कापड नुसतं लोळत पडतं, हा एक दिवस फुकट जातो, असं त्यानं वहीत आधीच मांडलेलं होतं.

दुसरी कुठली वेळ असती तर मास्तरीण त्याला झापून काढती. चिमटीत कापड धरून दाखवती, वाफेखाली एक तुकडा धरून दाखवती, ऐकलं नसतं तर वर मालकीणबाईकडं जाती. मागच्या साहेबाला तिनं असंच सरळ केलं होतं. पण या वेळी ते हसणं तिच्या कानातून अजून गेलं नव्हतं. तिला वाटलं, होऊ दे. कापडाची झोप कशाला असते ते या शहाण्याला एकदा दिसू दे. आणि ज्यांना फार हसायला येतं त्यांनाही दिसू दे. ती एवढंच म्हणाली, "लिहून द्या."

टिकटिक्या खूश झाला. वहीचं पान फाडून त्यानं लिहिलं, उघडलेला तागा त्याच दिवशी कापावा, खाली झोकदार सही केली आणि तारीख घातली. मास्तरीणनं कागदाची घडी केली, कमरेच्या बटव्यात घातली, वर नाडी ओढली. आणि कापायला घेतलं.

असं सुंदर तिनं आयुष्यात कधी कापलं नसेल. बाह्यांचे गोल, गळ्याची वळणं, सगळं रेषेवर. टिकटिक्या पट्टी घेऊन यायचा, मोजायचा, माप बरोबर. हसून मान हलवायचा. मास्तरीण वर बघतसुद्धा नव्हती. तीन दिवस ती कापत राहिली, गठ्ठे बांधत राहिली, नंबरच्या चिठ्ठ्या लावत राहिली, आणि प्रत्येक गठ्ठा खाली लाईनीवर जात राहिला. सुनेच्या मशीनवरही गेला. आपण काय खाली पाठवतोय हे तिला पक्कं माहीत होतं. ते माहीत असून पाठवण्यात जी मजा होती, ती तिनं तीन दिवस अगदी चघळून चघळून घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी इस्त्रीवाली धावत आली. तिच्या हातात टीशर्ट होता, वाफेतून काढलेला, आणि तो दहा वर्षांच्या पोराचा न दिसता त्याच्या धाकट्या भावाचा दिसत होता. दुसरा मोजला, तिसरा मोजला. लांबीत तीन बोटं, छातीत दोन. शाळेतली पोरं हे घालून पळाली असती तर शर्यतीत आधी बेंब्या पोहोचल्या असत्या.

टिकटिक्या लालबुंद होऊन टेबलाकडं आला आणि मास्तरीणच्या नावानं ओरडायला लागला. माप चुकवलं, मुद्दाम केलं, काढून टाकतो. तिनं त्याला पूर्ण ओरडू दिलं. मग बटव्याची नाडी सोडली, कागद काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं स्वतःची सही वाचली. मास्तरीणनं कागद परत बटव्यात घातला, टेबलाखालचे खोके एकेक करून लाथेनं बाहेर काढले आणि उघड्या फरशीवर जाऊन आडवी झाली. त्या दिवशी तिला खरी झोप आली नाही, पण तिनं डोळे मिटून पंचवीस मिनिटं ती शांतता ऐकली. जिंकल्यासारखं वाटलं तिला. घरी जाऊन चवीनं जेवली.

ते जिंकणं पुरतं एक दिवस टिकलं.

टिकटिक्या वर जाऊन आला आणि लाईनीसमोर उभा राहून त्यानं हुकूम वाचला. कापड नवं मागवलंय, ते टप्प्याटप्प्यानं येईल. ऑर्डर सगळी पुन्हा शिवायची, तारीख बदलणार नाही. कापडाला चोवीस तास द्यावे लागणार, म्हणजे जेवढे दिवस कापड झोपणार तेवढे शिलाईतून भरून काढायचे. चारचा चहा बंद. डबा दहा मिनिटांत. सुटी झाल्यावर दीड तास जास्त. रविवारची सुटी नाही, पुढचं सांगेपर्यंत.

म्हणजे झालं असं, की कापडाला झोप मिळाली आणि ती चाळीस बायकांच्या डोळ्यांतून काढून दिली.

मास्तरीण टेबलापाशी उभी राहून हे ऐकत होती. बटव्यात तो कागद होता. त्या कागदामुळं तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. खाली लाईनीवर मात्र एकही कागद नव्हता. तिला कळलं, पण कळूनही तिनं स्वतःला सांगितलं की हे टिकटिक्यानं केलंय, आपण नाही. चार-पाच दिवस ती स्वतःला हेच सांगत होती. मग सांगताना आवाज चढवावा लागू लागला.

लाईनीवर बायका बोलेनाशा झाल्या. आधी मशीनच्या घरघरीतही एकमेकींची उणीदुणी, सासवांची नक्कल, कुणाच्या तरी नवऱ्याच्या घोरण्याचा आवाज काढून दाखवणं, हे चालायचं. आता नुसती घरघर. पहिला रविवार कामात गेला. सून घरी आली की न जेवता भिंतीला टेकायची आणि तिथंच मान टाकायची. नात येऊन तिचे गाल ओढायची, तिच्या अंगावर चढायची, शेवटी तिच्या मांडीवर उताणी पडून रडायची, तरी ही जागी होत नसे. एकदा मास्तरीणचा नवरा म्हणाला, आजकालच्या पोरींत दम नाही. मास्तरीणनं त्याच्यापुढचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. अर्ध्या जेवणावरून उठवलेला माणूस दाराकडं बघत बसला, आपलं काय चुकलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

नवव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, लाईनीवरून एक आवाज आला. किंचाळी म्हणावी असा तो नव्हताच. कुणीतरी श्वास आत ओढला आणि सोडलाच नाही, असा. आणि मग एक मशीन थांबलं, मग शेजारचं, मग सगळी.

सुनेचं बोट सुईखाली गेलं होतं. डाव्या हाताची तर्जनी, नखातून आरपार. सुईचं टोक आत तुटलं होतं आणि बोट मशीनला खिळलेलं होतं. तिचे डोळे उघडे होते. नंतर तिनं सांगितलं की ते आधीही उघडेच होते, उघड्या डोळ्यांनी झोप लागली, कापड सरकवलं आणि त्याच्याबरोबर बोटही सरकलं. मास्तरीण टेबलाच्या ओट्यावरून धावत खाली आली. तिनं मशीनचं चाक हातानं उलटं फिरवलं, सावकाश, सुई वर येईपर्यंत. सून तिच्याकडं न बघता चाकाकडं बघत होती. शेजारच्या बाईनं चिंधी गुंडाळली. टिकटिक्या आला, त्यानं घड्याळात बघितलं. कदाचित सवयीनं बघितलं असेल. पण ते चाळीस जणींनी पाहिलं, आणि मास्तरीणनंही पाहिलं.

दवाखान्यात सुईचा तुकडा काढला, टाके घातले, दोन दिवस काम करू नका म्हणून सांगितलं. टिकटिक्यानं निरोप पाठवला की डावा हात आहे, गठ्ठे मोजायला उजवा चालेल, उद्या या.

घरी मास्तरीणनं सुनेपुढं ताट ठेवलं आणि भरवायला बसली. सुनेनं ताट स्वतःकडं ओढलं आणि उजव्या हातानं जेवायला लागली. मास्तरीण म्हणाली की हे त्या टिकटिक्यानं केलं, त्याचं तळपट होवो. सुनेनं घास थांबवला.

"कापड आखडणार हे तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत होतं ना, मास्तरीणबाई?"

घरात. घरातल्या भिंतींत आजपर्यंत तिनं हा शब्द कधी उच्चारला नव्हता. ती म्हणाली, त्यानं लिहून दिलं होतं.

"हो. तुमच्याकडं कागद आहे," सून म्हणाली. "आम्ही त्या दिवशी हसलो, ते चुकलंच. पण तुमच्यावर नव्हतो हसलो. पंचवीस मिनिटं नुसतं पडायला मिळतं हे ऐकूनच हसायला आलं. मला तर वाटलं, मी पण शिरावं त्या टेबलाखाली." आणि ती पुन्हा जेवायला लागली. जेवता जेवताच झोपली, हातात घास तसाच.

मास्तरीणला रडू वगैरे आलं नाही. तिला राग आला. इतका राग, की तो ठेवायला जागा पुरेना. टिकटिक्याचा होता, वर बसून सह्या करणाऱ्या मालकीणबाईचा होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. तीन दिवस चवीनं कापत राहिलेल्या त्या हाताचा, ज्याचं सगळे कौतुक करत की हलत नाही म्हणून.

सकाळी ती थेट जिना चढून मालकीणबाईच्या खोलीत गेली. मालकीणबाई वाईट बाई नव्हती. तिनं खुर्ची दिली, पंखा वाढवला, सुनेची चौकशी केली. मास्तरीण बसली नाही. कागद टेबलावर ठेवून ती म्हणाली की हे माहीत असून मी कापलं, निम्मा दोष माझा आहे, मला काय बोलायचं ते बोला. पण लाईनीचा दोष काय? त्यांचा चहा परत द्या, डब्याची वीस मिनिटं परत द्या आणि रविवार परत द्या.

मालकीणबाईनं चष्मा काढून पुसला. पुसता पुसता तिनं सगळं ऐकल्यासारखं केलं. मग तिनं टिकटिक्याला वर बोलावून त्याच्यासमोर एक हुकूम लिहिला. तागा उघडल्यापासून चोवीस तास कापडाला पातं लावायचं नाही, तागा कधी उघडायचा आणि कापड तयार झालं की नाही हे मास्तरीण ठरवेल, तिचा शब्द अखेरचा. खाली सही, वर शिक्का. पुढं तिनं आणखी एक ओळ घातली, आपण होऊन, की मास्तरीणची दुपारची विश्रांती पूर्वीप्रमाणे चालू राहील, त्यात कुणी ढवळाढवळ करू नये.

"तुम्ही इथल्या जुन्या आहात," ती म्हणाली. "तुमचा मान राहिलाच पाहिजे."

आणि लाईनीचं? "ऑर्डर वेळेवर जाऊ दे. मग बघू."

मास्तरीण हुकूम हातात घेऊन जिना उतरली. कापडाला झोप मिळाली, तिला झोप मिळाली, वर शिक्का मिळाला. ज्यांच्यासाठी गेली होती त्यांना नुसतं 'मग बघू' मिळालं. प्रत्येक पायरीवर तिला वाटत होतं की हा कागद फाडून मालकीणबाईच्या पंख्यात टाकावा. खालच्या पायरीवर ती थांबली. तिनं हुकूम पुन्हा वाचला, एकेक शब्द, बोट ठेवून. मग तो फाडला नाही. टेबलाच्या वरच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगला, सगळ्यांना दिसेल असा.

शुक्रवारी डब्याच्या वेळेला शेवटच्या टप्प्याचे तागे आले. ते तेव्हाच उघडले असते तर शनिवारी दुपारी कापड उठलं असतं, संध्याकाळपर्यंत कापून झालं असतं आणि रविवारी चाळीस मशीनांना पुरेल एवढा माल खाली गेला असता. आधीचं सगळं शिवून होत आलं होतं. टिकटिक्याचा हिशेब तसाच होता. मास्तरीणनं डबा खाल्ला, चुळा भरल्या, थर लावणाऱ्या दोघींना सांगितलं की माझ्याशिवाय ताग्याला हात लावायचा नाही, आणि टेबलाखाली जाऊन झोपली.

पंचवीस मिनिटं झाली, उठली नाही. तास झाला. टिकटिक्या दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्यानं टेबलावर थाप मारली. मास्तरीणनं कूस बदलली. लाईनीवरच्या माना वळल्या, पण या खेपेला कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या शिलाईवालीनं मात्र भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं, मग ताग्यांकडं, मग शेजारणीला कोपरानं ढोसलं. ती खूण मशीनवरून मशीनवर सरकत गेली. सुटीची घंटा झाल्यावर मास्तरीण टेबलाखालून बाहेर आली आणि केस नीट करायला लागली. खरं तर फरशीवर साडेपाच तास पडून तिची कंबर मोडली होती आणि झोप एक मिनिट आली नव्हती.

टिकटिक्या समोर उभा होता. रागानं त्याचा आवाज चिरकत होता. ताग्यांचं काय, रविवारी लाईनीला शिवायला काय देऊ, त्यानं विचारलं.

"तागे उद्या सकाळी उघडू," मास्तरीण म्हणाली. "परवा सकाळी कापड उठेल. मग कापीन. लाईनीला मिळेल सोमवारी."

"आज का नाही उघडले?"

"मी निजले होते." तिनं भिंतीकडं बोट केलं. "वाचा. ढवळाढवळ करू नये, असं लिहिलंय."

तो म्हणाला की मी वर जातो. जा, ती म्हणाली. आणि विचारून या की तागे आत्ता उघडून सकाळीच कापू का, म्हणजे पुन्हा चार हजार बेंब्या मोजायला बरं. तो दोन पायऱ्या चढला, थांबला, परत उतरला. वर जाऊन काय सांगणार होता? बाटल्यांच्या कारखान्यात असला प्रसंग त्याच्यावर आला नसावा. मग त्यानं शेवटचं हत्यार काढलं. रविवारी तुम्हाला मात्र यावं लागेल, कापायला, आणि थर लावणाऱ्या दोघींनाही.

"मी येते," मास्तरीण म्हणाली. "त्या दोघी नाही. त्यांची सुटी. कापडाचं दुसरं टोक तुम्ही धरा."

रविवारची सुटी शनिवारी संध्याकाळी लाईनीला सांगण्यात आली. माल नाही म्हणून, असं कारण दिलं. बायका गुपचूप डबे उचलून निघाल्या. मास्तरीणजवळून जाताना कुणी आभार वगैरे मानले नाहीत, ते तिला आवडलंही नसतं. ती म्हातारी शिलाईवाली तेवढी थांबली आणि म्हणाली, कंबरेला शेक दे गं बाई, झोपून झोपून आखडली असेल.

रविवारी सकाळी सून भिंतीकडं तोंड करून झोपली होती, बांधलेला हात उशीवर, नात तिच्या पाठीला चिकटलेली. मास्तरीण आवाज न करता तयार झाली. नवऱ्यानं अंथरुणातून विचारलं, चहा? ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली की आज तो तुम्ही करा, आणि भांडं वाजून ही पोर उठली, तर मी परत या घरात येणार नाही. नवरा उठला आणि स्वयंपाकघरात चवड्यांवर चालत गेला.

कारखान्यात चाळीस मशीनं झाकून ठेवलेली होती. टिकटिक्या आधीच आलेला. गळ्यात घड्याळ होतं. मास्तरीणनं कापड चिमटीत धरलं, सोडलं, उठलं म्हणाली, आणि एक टोक त्याच्या हातात दिलं. टेबल वीस पावलं लांब. त्यानं टोक धरून पलीकडं जायचं, ठेवायचं, सुरकुती काढायची, परत यायचं, पुन्हा टोक घ्यायचं. ऐंशी थर. विसाव्या थराला त्यानं घड्याळ काढून खिशात घातलं, कारण ते वाकताना कापडाला अडकत होतं. तिसाव्याला त्यानं कंबरेवर हात ठेवला. चाळिसाव्याला टेबलाच्या त्या टोकाकडून त्यानं विचारलं की जरा बसू या का, मास्तरीणबाई.

तिनं वर बघितलं. माणूस खरंच दमला होता, तोंड उतरलं होतं त्याचं. तिला ते दिसलं. पण लाईनीचा चहा अजून परत आलेला नव्हता, डबा अजून दहा मिनिटांतच होता, पुढच्या शनिवारी काय करायचं हे तिला अजून सुचलेलं नव्हतं, आणि घरी एका पोरीच्या बोटाला टाके होते. राग उतरला नव्हता. तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. सोमवारी सकाळी त्याची गरज पडणार होती.

"चाळीस राहिलेत," ती म्हणाली, आणि तिच्या बाजूनं कापड ओढलं.